‘छान’ या शब्दापलीकडे

मराठी ग्रंथपरीक्षणांची भाषा कोणी बारकाईने तपासली, तर तिच्यातील निम्मे शब्द स्वयंपाकघरातून आले आहेत असे आढळेल. विनोदी लेख खुसखुशीत असतो, टीका झणझणीत असते, संवाद चुरचुरीत असतात, निवेदन रसाळ असते; आणि न आवडलेली कविता पाणचट किंवा मिळमिळीत ठरते. ज्या देशात काव्याच्या सत्त्वालाच ‘रस’ हे नाव पडले, तेथे असे व्हावे यात नवल नाही. आमची तक्रार निराळी आहे. भाजणी खमंग केव्हा होते हे घरातील गृहिणीला नेमके सांगता येते. कोणते धान्य किती भाजावे, आच केव्हा मंद करावी, वास कोणत्या क्षणी पालटतो, हे तिला ठाऊक असते. लेख खमंग केव्हा होतो हे मात्र परीक्षकाला विचारल्यास तो गप्प बसतो, किंवा दुसरे एक विशेषण पुढे करतो. शब्द जिभेचे घेतले, पण जिभेची शिस्त घेतली नाही, अशी आमच्या समीक्षेची अवस्था आहे. ही जाणीव आम्हांस एखाद्या ग्रंथाने झाली असती, तर लिहिताना अधिक प्रतिष्ठित वाटले असते. प्रत्यक्षात ती झाली एका लहानशा चिरुटाने आणि एका वृद्ध काशीकराने.

आमची नेमणूक काशीत होऊन आता तीन वर्षे झाली. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली महाराष्ट्रीय कुटुंबे आहेत, आणि बदलीने आलेल्या आमच्यासारख्यांस त्यांच्या घरचा उंबरा सहज ओलांडता येतो. अशाच एका घरचे वडीलधारे गृहस्थ म्हणजे नाना. आयुष्यभर पाठशाळेत शिकविले. मराठी जुन्या वळणाचे, मधूनच हिंदीची फोडणी असलेले. गेल्या मार्गशीर्षात परदेशातील वकिलातीत असणारे आमचे एक स्नेही रजेवर आले होते. त्यांनी येताना क्यूबातील हाताने वळलेल्या लहान चिरुटांची एक पेटी आणली होती. नानांच्या गच्चीवर, खाली गंगेवर धुके उतरत असताना, त्यांनी ती मोठ्या कौतुकाने उघडली.

चिरूट ‘मिनुतो’ नावाच्या घाटाचा होता. लांबी ११० मिलिमीटर, म्हणजे चार इंचांहून थोडी अधिक, आणि जाडी ४२. हा आकडा इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात हे स्नेह्यांनी सांगितले. छाप ‘पार्तागास’, १८४५ साली हवाना शहरात स्थापन झालेल्या कारखान्याची. चिरूट कसा पेटवावा याचाही त्यांनी आम्हांस धडा दिला. ज्योत पानाला प्रत्यक्ष लागू द्यायची नाही, टोक फिरवीत समान धुमसू द्यायचे. मिनिटाला एखादा झुरका पुरे, घाई केल्यास धूर तापून कडू होतो. आणि धूर छातीत न ओढता तोंडातच घोळवून सोडून द्यायचा. आम्ही आज्ञाधारकपणे तसे केले. अर्धा चिरूट संपल्यावर स्नेह्यांनी विचारले, “बोला, कसा आहे?”

“छान आहे,” आम्ही म्हणालो.

नानांनी चिरूट घेतला नव्हता. ते पाटावर शाल लपेटून बसले होते. ते हसून म्हणाले, “अहो, छान तर तुमच्या कचेरीतल्या निरोपसमारंभातली भाषणंही असतात. प्रथम काय आलं ते सांगा. मग काय आलं? आणि आता तोंडात काय उरलं आहे?”

आम्हांस एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. नंतर नानांनी पेटीतील एक न पेटविलेला चिरूट उचलला, नाकाजवळ धरला, बोटांनी हलकेच दाबून पाहिला आणि परत ठेवला. “पान उत्तम मुरलेलं आहे,” ते म्हणाले. “पण याला डांबरगोळ्यांचा वास लागला आहे.” स्नेह्यांनी ते हसण्यावारी नेले. घटकाभराने मात्र तेच ओशाळून म्हणाले की, पेटी लोकरीच्या कपड्यांच्या ट्रंकेतून आली होती, आणि घरून निघताना त्या ट्रंकेत डांबरगोळ्या टाकलेल्या होत्या.

इंग्रजी समीक्षाशास्त्राचा परिचय असलेल्या वाचकांस येथे डेव्हिड ह्यूमची आठवण होईल. अभिरुचीच्या प्रमाणाविषयीच्या आपल्या १७५७ सालच्या निबंधात त्याने सर्व्हांटिसच्या ‘डॉन किहोते’तील एक गोष्ट आधाराला घेतली आहे. सांचोच्या घराण्यातील दोघांना एका पिंपातील मद्याची परीक्षा करावयास सांगितले. दोघांनीही मद्य चांगले म्हटले. पण एकाला त्यात चामड्याची किंचित चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोक दोघांनाही हसले. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली एक जुनी किल्ली सापडली. ह्यूमला यातून एवढेच दाखवावयाचे होते की, रुची ज्याची त्याची असली तरी वस्तूत काहीतरी असतेच, आणि ते ओळखणारा अचूक व न ओळखणारा बोथट, असा भेद करता येतो. आमच्या पेटीच्या तळाशी किल्ली नव्हती, डांबरगोळी होती. पण सिद्धांत तोच.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकटेच बसून दुसरा चिरूट ओढला आणि नानांचे तीन प्रश्न समोर ठेवले. प्रथम काय आले? मिरपुडीसारखा एक तीक्ष्ण चटका, जिभेपेक्षा नाकाला अधिक जाणवणारा. मग काय आले? तो चटका मावळून त्याजागी जुन्या लाकडी पेटीचा वास आणि साखर न घातलेल्या कोकोसारखा कोरडा कडूपणा. शेवटी धूर जड झाला, ओल्या मातीची आठवण देऊ लागला, आणि अखेरच्या बोटभर अंतरात नुसता कडवटपणा राहिला. चिरूट स्वतःच्या अंगातूनच धूर गाळीत असतो. पुढच्या भागातील ओल आणि राळ मागच्या भागात साचत जाते, म्हणून शेवट नेहमी उग्र. लहान चिरुटात हे तीन अंक एकमेकांना खेटून येतात. मोठ्या चिरुटात जी कादंबरी, ती येथे लघुकथा झालेली असते, आणि लघुकथेप्रमाणेच एक चुकीची ओळ येथे खपत नाही. डांबरगोळ्यांचा वास मात्र आम्हांस तेव्हाही आला नाही. तेवढा आमचा अभ्यास अजून झालेला नाही.

चव शब्दांत मांडू लागताच तिच्यामागील कारागिरीविषयी कुतूहल जागे होते, हा या अभ्यासाचा पहिला लाभ. चिरुटात तीन थर असतात. पोटात भरण्याची पाने, त्यांना बांधणारे पान आणि वरचे आवरण. पोटातील पानेही रोपाच्या निरनिराळ्या उंचीवरची. वरची, अधिक ऊन खाल्लेली पाने जोर देतात. मधली वास देतात. खालची नीट जळतात. आवरणाचे पान नाजूक राहावे म्हणून क्यूबात ते कापडी मांडवाखाली वाढवितात. पाने तोडून वाळविल्यावर त्यांच्या थप्प्या रचून ती आंबविली जातात, तेव्हा त्यांतील तिखट, अमोनियासारखा दर्प निघून जातो. उत्तम पाने बेटाच्या पश्चिम टोकाकडील पिनार देल रिओ या प्रांतात पिकतात, आणि नाव होते ते हवानाचे.

ही शेवटची गोष्ट ऐकून नाना खुशीत आले. “म्हणजे आमच्या पानासारखंच झालं!” ते म्हणाले. आणि खरोखरच, बनारसी विड्याचा इतिहास याहून वेगळा नाही. काशीचे पान म्हणून जे जगात गाजले, ते मुख्यतः काशीत पिकत नाही. ते मगही पान. गया, नवादा, औरंगाबाद, नालंदा या बिहारच्या मुलुखातील बरेजांतून ते येते. हा औरंगाबाद आपला नव्हे, बिहारमधला. त्या मगही पानाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि बनारसी पानाला २०२३ च्या एप्रिलात. एकाच पानाची ही दोन मानांकने प्रथम ऐकताना विसंगत वाटतात. परंतु काशी त्या पानावर जे करते ते पाहिले की विसंगती उरत नाही.

पानदरीब्याच्या बाजारात उतरलेली हिरवी पाने येथे ‘पकवतात’. टोपल्यांत रचून, बंद खोलीत, कोळशाच्या शेगडीच्या मंद उबेत ठेवतात. मग उघडून, एकेक निवडून, सडके काढून पुन्हा उबेला लावतात. पानाचा हिरवा रंग उतरत जातो, ते पांढरट पिवळे होते, शिरा मऊ पडतात, आणि तिखटपणा जाऊन एक प्रकारचा सौम्य गोडवा येतो. काताचे तसेच. तो भिजवून, उकळून, गाळून, कापडात बांधून राखेवर दाबतात, म्हणजे त्यातील तुरट कडूपणा राखेत उतरतो. चुनाही पुनःपुन्हा गाळून घेतात. विडा हातात येतो तेव्हा तो बांधणाऱ्याला अर्धे मिनिटही लागलेले नसते. पण त्या अर्ध्या मिनिटामागे कित्येक दिवसांची तयारी उभी असते. उत्तम गद्याचे याहून चांगले वर्णन आम्हांस सुचत नाही.

बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे सांगितली. त्यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला १९५६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून ही तत्त्वे मराठी समीक्षेत पाठांतरासारखी फिरत आहेत. विडा तोंडात धरून त्यांचा विचार केला तर ती पुस्तकाबाहेर येतात. चुना दाहक, कात तुरट, हा विरोध. पान आणि वेलदोडा एकाच सुवासाच्या घराण्यातील, हा संवाद. चुन्याचे बोट किंचित जड पडले तर जीभ भाजते, काताचे पडले तर तोंड आखडते. या दोहोंमधील जागा सापडणे म्हणजे समतोल. संस्कृत सुभाषितकारांनी तांबूलाचे तेरा गुण मोजले, आणि त्यांत कडू, तिखट, उष्ण, मधुर, खारट, तुरट हे सर्व एकत्र आणले, ते उगाच नव्हे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांच्यासारख्या चिकित्सक संशोधकाने तांबूलाच्या इतिहासावर परिश्रम घेतले, तेही या वस्तूचे सांस्कृतिक वजन ओळखूनच.

येथे एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या क्रियेला ‘चर्वणा’ म्हटले. चर्वणा म्हणजे चावणे. भरतानेही नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची उपपत्ती सांगताना नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाणाऱ्या सुमनस माणसाचा दृष्टांत दिला. पण काशीचा रसिक विडा चावीत नाही. तो गालात धरून ‘घुलवतो’. चावणारा माणूस येथे परगावचा म्हणून तत्काळ ओळखला जातो. चिरूट ओढणाराही, आम्ही पाहिले त्याप्रमाणे, धूर गिळीत नाही, घोळवितो. आम्हांस वाटते की ‘चर्वणा’ या शब्दात आचार्यांना अभिप्रेत असलेली गोष्ट काशीच्या ‘घुलवण्या’त अधिक नेमकी सापडते. वस्तूवर तुटून न पडता तिला तिच्या गतीने उलगडू देणे, आणि ती उलगडत असताना आपण जागे राहणे. पुष्कळ परीक्षणे वाचताना असे जाणवते की परीक्षकाने पुस्तक चावून थुंकले आहे.

हा दृष्टांत कोठवर ताणावा, हेही सांगितले पाहिजे. कांटने १७९० साली आपल्या तिसऱ्या मीमांसेत सुखद आणि सुंदर यांमध्ये भेद केला, आणि सुखदाचे उदाहरण म्हणून कॅनरी बेटांतील मद्य घेतले. ते मद्य ‘मला’ आवडते एवढेच म्हणता येते; ते सर्वांना आवडावे असा दावा करता येत नाही; सुंदर वस्तूविषयी मात्र आपण तो दावा करतो. चिरूट वा विडा कितीही कुशलतेने केलेला असो, तो काही सांगत नाही. त्यात दुःख नाही, पश्चात्ताप नाही, कोणा माणसाचा चेहरा नाही. साहित्यात हे सारे असते, आणि म्हणून केवळ चवीच्या भाषेवर थांबणारी समीक्षा अर्धीच राहते. परंतु पहिली पायरी न चढता दुसरीवर उडी मारणारी समीक्षा तर जमिनीवरच असते. कथेत ‘मानवी मूल्ये’ आहेत असे सांगण्यापूर्वी तिच्यात प्रथम काय आले, मग काय आले आणि शेवटी काय उरले, एवढे तरी परीक्षकाला सांगता यावे.

चिरूट आणि साहित्य यांचे एक नाते मात्र इतिहासाने खरोखरच जोडून दिले आहे. १८६५ साली हवानातील ‘एल फिगारो’ या कारखान्यात कामगारांपुढे मोठ्याने वाचून दाखविण्याची प्रथा सुरू झाली. हात पाने वळीत असत, कान मोकळे असत. वर्तमानपत्रे वाचली जात, कादंबऱ्या वाचल्या जात. पुढच्याच वर्षी राज्यकर्त्यांनी धास्तावून बंदी घातली. तरी प्रथा मेली नाही. १९३५ साली निघालेल्या एका प्रसिद्ध चिरुटाला अलेक्झांडर ड्यूमाच्या कादंबरीवरून ‘मोंतेक्रिस्तो’ हे नाव मिळाले, ते कामगारांच्या या आवडत्या कथेमुळेच असे सांगतात. दिवसभर बाकावर बसून ऐकणाऱ्या या श्रोत्यांना कंटाळवाणे पुस्तक खपले नसणार. आमच्याकडे सिन्नरला, सोलापूरला बायकांनी लक्षावधी विड्या वळल्या, निपाणीच्या रानात तंबाखू पिकली. त्या तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले. परंतु विडी वळणाऱ्या बाईच्या कानी आमचे साहित्य किती पडले, हा प्रश्न मराठी लेखकांनी स्वतःला फारसा विचारलेला नाही. रसिकतेची चर्चा करणाऱ्याने तो विचारला पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे वळतो. नानांनी चिरूट का घेतला नाही, हे आम्ही त्या संध्याकाळी विचारले नव्हते. पुढे एकदा त्यांच्याबरोबर चौकाकडे जाण्याचा योग आला. पानवाल्याने आमचा विडा बांधला. नानांनी तो आमच्या हाती देण्यापूर्वी नाकाजवळ नेला आणि पानवाल्याला म्हणाले, आज कात नवा दिसतो. पानवाल्याने मान डोलाविली. आम्ही म्हणालो, “नाना, तुम्ही नाही घेत?”

“पंधरा वर्षं झाली सोडून,” ते म्हणाले. “गालाच्या आत पांढरा चट्टा आला. डॉक्टर म्हणाले, सोडा. मी सोडलं. माझ्या धाकट्या भावाला पण म्हणाले होते. त्यानं नाही सोडलं. मुंबईला नेला, जबडा काढला, आणि दीड वर्षानं गेला.” चालता चालता हे त्यांनी सांगितले, आणि गल्लीतील गाईला वाट देण्यासाठी ते बाजूला झाले.

आमच्या गालात जर्दा घातलेला विडा होता. तो आम्ही पुढच्या वळणावर टाकला.

जी वस्तू आपण वाखाणतो तिची किंमत न सांगणारी समीक्षा ही जाहिरात असते. तंबाखूसह विडा कर्करोगाला कारण होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ साली नोंदविले. आणि २००४ साली तंबाखूविरहित विडाही, त्यातील सुपारीमुळे, त्याच सदरात घातला. चिरुटाचा धूर छातीत न ओढल्याने तोंड, घसा आणि अन्ननलिका वाचत नाहीत. काशीत हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात २०१९ साली महामना मदनमोहन मालवीय यांच्या नावाने मोठे कर्करोग केंद्र उभे राहिले. ज्या शहराने विडा कलेला पोहोचविला, त्याच शहराच्या या केंद्राच्या दारात दूरदूरच्या खेड्यांतून आलेली माणसे तोंडाला रुमाल लावून बसलेली दिसतात. तंबाखू उत्तरेत आली ती आपल्याच दख्खनेतून. १६०४ च्या सुमारास असद बेगने विजापुराहून ती अकबराच्या दरबारी आणली. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली की या वस्तूविषयी आपल्या ग्रंथांत काही नाही, ती पारखलेली नाही. असद बेगने नव्या चालीची वकिली केली आणि दरबारात त्याचाच पक्ष जिंकला. पुढे १६१७ साली जहांगिराने घातलेली बंदीही टिकली नाही. चारशे वर्षांनी मागे पाहता, त्या दरबारातील खरा समीक्षक हकीमच होता असे म्हणणे भाग आहे.

परतताना घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही नानांना विचारले, “इतकी वर्षं सोडूनही तुम्हांला कात नवा की जुना हे कसं कळतं?”

नाना थांबले. “सोडल्यावर अधिक कळायला लागलं,” ते म्हणाले. “तेव्हा मध्ये तल्लफ यायची. तल्लफ आली की माणसाला पान दिसत नाही, पानवाल्याचं दुकान उघडं आहे की नाही एवढंच दिसतं.”

कांटने सौंदर्याच्या निर्णयाला निरिच्छता आवश्यक मानली, ती आम्ही महाविद्यालयात पाठ केली होती. तिचा अर्थ आम्हांस त्या पायरीवर कळला. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीतील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील एक ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे आपल्याच सुखदुःखात अडकून पडणे. त्यालाच नाना तल्लफ म्हणाले. वस्तूची गरज आणि वस्तूचा आस्वाद या दोन वृत्ती एकाच जिभेवर राहतात, आणि पहिली ओरडू लागली की दुसरीचा आवाज ऐकू येत नाही.

हे आम्ही या मासिकाच्या वाचकांसाठीच का लिहितो, ते आता सांगण्यास हरकत नाही. आपण बहुतेक जण नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहणारे. दिवसभर कचेरीत हिंदी किंवा इंग्रजी. घरी मुलांच्या तोंडी दोन्हींची मिसळ. अशा वेळी टपालाने आलेले कोणतेही मराठी पुस्तक आपण अधाशासारखे उघडतो. त्यात ‘पिठलं’ हा शब्द आला की डोळे पाणावतात, पहिल्या पावसाचे वर्णन आले की पुस्तक उत्कृष्ट ठरते. मंडळाच्या वार्षिकोत्सवात वाचलेली प्रत्येक कविता आपण ‘छान’ म्हणतो. ही मराठीची तल्लफ आहे. तिच्याबद्दल लाज वाटण्याचे कारण नाही; ती प्रेमातूनच येते. पण तिला रसिकता म्हणू नये. आम्ही स्वतः गेल्या तीन वर्षांत या पानांतून ज्या पुस्तकांची स्तुती केली, त्यांपैकी काही पुन्हा उघडून नानांचे तीन प्रश्न त्यांना विचारले. दोन पुस्तकांना उत्तर देता आले. उरलेल्यांत आम्हांला आवडले होते ते आमचेच घर होते, लेखकाने बांधलेले काही नव्हते. त्या लेखकांना आम्ही खरे सांगितले असते, तर त्यांचे पुढचे पुस्तक कदाचित सुधारले असते. ती संधी आम्ही घालविली.

परमुलुखात राहणे हे आस्वादाला बाधक आहे असे मात्र यातून कोणी समजू नये. उलट मगही पान मगधात हिरवे असते आणि काशीच्या उबेत मुरते. पैठणच्या एकनाथांनी आपल्या भागवताची समाप्ती केली ती शके १४९५ मध्ये, याच वाराणसीत. येथेच एका महाराष्ट्रीय घरात १८८३ साली जन्मलेल्या बाबूराव विष्णु पराडकरांनी ‘आज’ दैनिकातून हिंदी गद्याला वळण लावले, आणि दोन भाषांतील शब्दांची पारख ही त्यांची मिळकत ठरली. दूर गेलेल्या माणसाला आपल्या भाषेचा वास अधिक स्पष्ट येऊ शकतो, कारण ती त्याच्या भोवती सर्वत्र पसरलेली नसते. अट एवढीच की, त्याने तल्लफेला थोडे बाजूला बसवावे.

स्नेही रजा संपवून परत गेले. जाताना उरलेली पेटी नानांना देऊ लागले. नानांनी नमस्कार करून ती परत केली. मात्र एक रिकामे वेष्टन त्यांनी मागून घेतले, ज्यावर पानाचा वास अजून होता. ते आता त्यांच्या पोथीत खूण म्हणून आहे. परवा आम्ही एक नवा मराठी कवितासंग्रह त्यांना वाचावयास दिला आणि आठ दिवसांनी तो परत आणावयास गेलो. आम्ही काही विचारण्यापूर्वीच ते म्हणाले, “तुम्ही आधी सांगा. आणि छान म्हणू नका.”

आम्ही अजून उत्तराची तयारी करीत आहोत.